मूडल म्हणजे पीडीएफची कांदाचाळ नव्हे

कॉलेज रोड असो, गंगापूर रोड असो की नाशिकरोड, कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘एलएमएस’ (शिकवणं-तपासणं ऑनलाइन सांभाळणारं सॉफ्टवेअर) असं एक बटण हल्ली बहुतेक ठिकाणी दिसतं. दाबलं की बरेचदा मूडल नावाचं त्याच जातीचं सॉफ्टवेअर उघडतं. आत युनिट एकची पीडीएफ, युनिट दोनची पीडीएफ, लॉकडाउनमध्ये चढवलेली पीपीटी आणि ‘इम्पॉर्टंट क्वेश्चन्स फायनल न्यू’ नावाची वर्ड फाइल. नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, समिती येऊन गेली की पुढच्या भेटीपर्यंत तिकडे कोणी फिरकत नाही. लासलगावच्या कांदाचाळीत निदान खालून हवा खेळती ठेवलेली असते.

ज्या कॉलेजांना हे बटण खरंच वापरायचं आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण. निकाल आधीच सांगून टाकू: मूडल घ्यावं ते प्रश्नपेढी आणि गुणपुस्तकासाठी. नुसत्या नोट्स वाटायच्या तर गूगल क्लासरूम पुरतं, व्हॉट्सॲपचा ग्रुपसुद्धा पुरतो, आणि त्याला सर्व्हर सांभाळावा लागत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे मार्टिन डुगियामस यांनी मूडलची १.० आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये काढली. परवाना जीपीएलचा, म्हणजे वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. विद्यार्थ्यामागे पैसे नाहीत. ‘फुकट ते पौष्टिक’ हे मात्र इथे निम्मंच खरं. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी ते सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही. आठवड्याला चार-पाच तास देणारा आणि लिनक्सची काळी खिडकी बघून न बिचकणारा एक जण कॉलेजात हवाच. लॅब असिस्टंट चालेल, फक्त त्याच्या कामाच्या तासांत हे काम धरलेलं असावं.

इथे विचार केलाय तो मूडल ४.५ चा. ही दीर्घ मुदतीची आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आणि तिला सुरक्षा-दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळणार आहेत. म्हणजे सिंहस्थाच्या पर्वण्या उरकेपर्यंत निश्चिंती. त्यानंतरची ५.० पीएचपी (मूडल ज्या भाषेत लिहिलंय ती) ८.२ च्या खाली चालत नाही, आणि ५.१ मध्ये वेब सर्व्हरचा रोख मूडलच्या आतल्या ‘पब्लिक’ फोल्डरवर वळवावा लागतो. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेक साइटींत वाटलेला) ही मुभा असेलच असं नाही. पुढे जायचंच असेल तर मे महिन्याच्या सुट्टीत जावं, सत्राच्या मध्यात नको.

शेअर्ड होस्टिंगवर मूडल टाकूच नये. साधारण १,२०० विद्यार्थ्यांच्या कॉलेजला मुंबईतल्या डेटा सेंटरमधला ४ कोअर, ८ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) घ्यावा आणि त्यावर उबुंटू २४.०४ हे लिनक्स टाकावं, त्याच्यासोबत येणारे पीएचपी ८.३ आणि मारियाडीबी १०.११ (डेटाबेस) हे दोन्ही ४.५ ला चालतात. मूडलच्या मार्गदर्शिकेत १ जीबी रॅममागे एका वेळी १० ते २० जण असा ढोबळ हिशेब आहे. तो प्रत्यक्षात असा बसतो: ८ पैकी ३ जीबी डेटाबेसला, १ जीबी उबुंटू आणि रेडिस या तात्पुरत्या साठ्याला, उरले ४. पीएचपीची एक प्रक्रिया ८० एमबी खाते असं धरलं तर एका वेळी ५० प्रक्रिया. पण या प्रक्रिया सांभाळणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या सेटिंगमध्ये ‘मॅक्स चिल्ड्रन’ मुळात ५ असतं. ते तसंच राहिलं की एका क्षणी पाच जणांचं काम चालतं आणि बाकीचे रांगेत. बघणाऱ्याला कोडं पडतं, कारण सर्व्हरवर लोड तर काहीच दिसत नाही आणि पान मात्र फिरतंय. याच्या उलट, उत्साहाच्या भरात कोणी २०० केलं तर रॅम संपते आणि लिनक्स सगळ्यात जाडजूड प्रक्रिया मारून टाकतं. ती बहुधा डेटाबेसचीच असते.

फाइलच्या आकाराची अडचण तर हमखास येते. विद्यार्थ्याने फोनवर स्कॅन केलेलं जर्नल ९ एमबीचं असतं. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मुळात १ एमबीच्या वरचं काही आत घेत नाही, पीएचपी एका फाइलला २ एमबी देतं, आणि त्यानंतर मूडलमध्ये साइट, कोर्स आणि असाइनमेंट अशा आणखी तीन पायऱ्या आहेत. कोण अडवतंय ते लक्षणांवरून ओळखता येतं. पांढऱ्या पानावर ४१३ आकडा आला तर एनजिनएक्स. मूडलच्या यादीत २ एमबीच्या वरचा पर्यायच दिसत नसेल तर पीएचपी. त्याच बैठकीत पीएचपीची ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ ही मर्यादा १,००० वरून ५,००० करावी, त्याशिवाय ४.५ बसवूच देत नाही.

आणि क्रॉन. हे दर मिनिटाला चालणारं पडद्यामागचं काम बंद असेल तर मूडल वरवर ठणठणीत दिसतं. फक्त फोरमचे मेल जात नाहीत, वेळ संपलेले पेपर आपोआप जमा होत नाहीत. ‘मॅडम, मी पेपर दिला होता’ आणि ‘तुझा पेपर इन प्रोग्रेस दिसतोय’ ही वादावादी ऐकू आली की आधी क्रॉन बघावा.

विद्यार्थ्यांची नावं एक्सेलमधून चढवताना दोन गोष्टी जपाव्यात. नावं देवनागरीत असतील तर फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ प्रकारातच सेव्ह करायची. साध्या सीएसव्हीत सगळ्या नावांची प्रश्नचिन्हं होतात. दुसरं, बारा आकडी एबीसी आयडीचा (क्रेडिट बँकेतल्या खात्याच्या क्रमांकाचा) रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा. नाहीतर एक्सेल त्याचं १.२३ई+११ असं काहीतरी करून टाकतं, सीएसव्हीत तेच उतरतं आणि मूळ आकडा परत मिळत नाही. लॉगिनसाठी पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) चांगला, पण त्यात इंग्रजी अक्षर असेल तर ते लहान लिपीत घ्यावं. लॉगिनच्या नावात मूडलला मोठी अक्षरं चालत नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट, प्रश्नपेढी. आपल्याकडच्या विनाअनुदानित विभागांत निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर. जूनमध्ये नवे येतात, मार्चमध्ये जातात, आणि जाताना त्यांचे प्रश्न पेनड्राइव्हमधून त्यांच्याबरोबरच जातात. मूडलमधले प्रश्न कोर्सबरोबर राहतात. एका विषयाची पाच युनिटं, प्रत्येकाची वेगळी कॅटेगरी, प्रत्येकीत ४० प्रश्न, म्हणजे २०० प्रश्नांची पेढी. चाचणीत प्रत्येक युनिटातून ४ प्रश्न ‘रँडम’ घ्यायचे. २० प्रश्नांचा पेपर तयार, आणि शेजारी बसलेल्याच्या पडद्यावर तोच पेपर यायची शक्यता नगण्य. तीन शिक्षकांनी दोन आठवडे रोज सात प्रश्न लिहिले तर दोनशेचा आकडा गाठता येतो.

प्रश्न एकेक टाइप करत बसू नये. साध्या नोटपॅडमध्ये ‘एकेन’ पद्धतीने लिहून एकदम चढवावेत: पहिल्या ओळीत प्रश्न, खाली पर्याय, शेवटच्या ओळीत उत्तर. मराठी, इतिहास, राज्यशास्त्राचे शिक्षक इथे अडकतात. पर्यायांना अ, ब, क, ड लावलं की फाइल नाकारली जाते. ती अक्षरं इंग्रजीच हवीत, मोठ्या लिपीतली, पुढे टिंब किंवा कंस. शेवटच्या ओळीतला ‘आन्सर’ हा शब्दही इंग्रजी मोठ्या अक्षरांत, पुढे कोलन. प्रश्न आणि पर्यायांचा मजकूर मराठीत खुशाल लिहा. प्रश्नाच्या मध्येच एंटर मारलं तरी फाइल फिसकटते. प्रश्न कितीही लांब असो, ओळ एकच.

यापेक्षा मोठी डोकेदुखी जुन्या फॉन्टांची. कित्येक विभागांत दहा-पंधरा वर्षांचे प्रश्नसंच श्रीलिपीत किंवा सुरेखमध्ये टाइप केलेले आहेत. वर्डमध्ये ते मराठी दिसतात, मूडलमध्ये चिकटवले की नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. कारण त्या फाइलींत मुळात देवनागरी नाहीच, इंग्रजी संकेतांवर चढवलेली देवनागरीची चित्रं आहेत. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग एका माणसाने डोळ्यांखालून घालणं. रफार, ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं रूपांतरात हटकून घसरतात.

मराठीत ‘शॉर्ट आन्सर’ प्रकारचा प्रश्न शक्यतो टाळावा. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी उमटतं: काही कीबोर्ड त्याचा एकच संकेत देतात, काही ‘अ’ वर चंद्र चढवतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, मूडलला वेगळे. ‘ऱ्या’ आणि तिच्यातल्या न दिसणाऱ्या जोडचिन्हाचंही तेच. बरोबर लिहिणाऱ्या मुलाला शून्य मिळतं आणि दोष कुठे आहे ते कोणालाच दिसत नाही. हा प्रकार हवाच असेल तर प्रत्येक संभाव्य रूप स्वतंत्र उत्तर म्हणून नोंदवावं.

चाचणी झाली की ‘स्टॅटिस्टिक्स’चा अहवाल उघडावा. हे पान फारसं कोणी उघडत नाही, आणि मूडलमधलं सर्वांत मोलाचं पान बहुधा हेच. ‘फॅसिलिटी इंडेक्स’ म्हणजे प्रश्नाला सरासरी किती टक्के गुण पडले. तो ९५ च्या वर असेल तर प्रश्न फार सोपा, २० च्या खाली असेल तर एकतर शिकवलं नाही किंवा प्रश्नच घोटाळ्याचा. शेजारचा ‘डिस्क्रिमिनेशन इंडेक्स’ उणे आला तर हुशार मुलं चुकली आणि कच्ची बरोबर आली असा अर्थ होतो. असं दिसलं की आधी उत्तरसूची तपासा. बऱ्याचदा ‘बी’ ऐवजी ‘सी’ पडलेलं असतं. उत्तर दुरुस्त करून ‘रीग्रेड’ दाबलं की सगळ्या वर्गाचे गुण पुन्हा मोजले जातात. कागदावर ही चूक सापडली असती तर गठ्ठा पुन्हा उघडावा लागला असता.

परीक्षेच्या दिवशी घोटाळा होतो तो लॉगिनच्या पहिल्या दोन मिनिटांत आणि सबमिटच्या शेवटच्या दोन मिनिटांत. ६० संगणकांच्या दोन लॅब एकाच ठोक्याला सुरू करू नयेत, पाच मिनिटांचं अंतर ठेवावं. लॉगिन दहा मिनिटं आधी उरकावं. एका पानावर एकच प्रश्न ठेवला तर प्रत्येक ‘नेक्स्ट’ला सर्व्हरवर खेप पडते, पानाला पाच प्रश्न ठेवा. सगळी लॅब बाहेरून एकाच आयपी पत्त्याची दिसते, त्यामुळे सर्व्हरवर लॉगिनचा पहारेकरी बसवला असेल तर दोन-चार मुलांच्या चुकलेल्या पासवर्डवरून तो अख्खी लॅब बाहेर काढतो. कॉलेजचा पत्ता त्याच्या सवलतीच्या यादीत टाकून ठेवावा.

लाइट गेली तर? उत्तरं साधारण मिनिटाला आपोआप साठवली जातात, त्यामुळे मूल दुसऱ्या संगणकावर बसून तिथूनच पुढे जाऊ शकतं. घड्याळ मात्र थांबत नाही. ‘यूजर ओव्हरराइड’मधून त्या विद्यार्थ्याला बारा-पंधरा मिनिटं वाढवून द्यावी लागतात, आणि ती वेळ संपायच्या आत. कॉपीला आळा म्हणून सेफ एक्झाम ब्राउझर मूडलशी छान जुळतो, पण तो विंडोज, मॅक आणि आयपॅड-आयफोनवर चालतो, अँड्रॉइडवर नाही. म्हणजे लॅबपुरता उपयोगी, घरून फोनवर पेपर देणाऱ्याला नाही.

गुणपुस्तकात एक खूण अशी आहे की ती चुकली तर निकालच चुकतो. समजा अंतर्गत ३० गुण, त्यासाठी दहा-दहा गुणांच्या तीन चाचण्या, आणि हिशेबाची पद्धत सरासरीची. एक मुलगा एकाच चाचणीला आला, ९ मिळवले, बाकी दोन बुडवल्या. त्याची बेरीज किती दिसेल? २७. कारण ‘एक्सक्लूड एम्प्टी ग्रेड्स’वर मुळातच बरोबरची खूण असते आणि रिकामी जागा हिशेबातून वगळली जाते, नव्वद टक्के गुण थेट ३० वर ताणले जातात. ती खूण काढली की ९ दिसतात. सत्र चालू असताना ती राहू द्यावी, नाहीतर ऑगस्टमध्येच सगळे नापास दिसतील. विद्यापीठाला गुण पाठवण्याच्या आठवड्यात आठवणीने काढावी.

असाइनमेंटमध्ये ‘ड्यू डेट’ उलटली तरी फाइल घेतली जाते, नुसता ‘लेट’ असा शिक्का बसतो. दार बंद होतं ते ‘कट-ऑफ डेट’ला. दोन्हींमध्ये तीन दिवस ठेवले तर भांडणं कमी होतात. प्रकार फक्त पीडीएफ, आकार ५ एमबीपर्यंत. यात कंजूषपणा नाही, हिशेब आहे: १,२०० विद्यार्थी, पाच विषय, चार-चार असाइनमेंट, प्रत्येकी ५ एमबी म्हणजे एका सत्राला १२० जीबी. गंमत अशी की मूडल प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून एक खूण काढतं आणि तंतोतंत तीच फाइल पुन्हा आली तर ती डिस्कवर एकदाच ठेवतं. ग्रुपवर फिरलेली असाइनमेंट चाळीस जणांनी जशीच्या तशी चढवली की कॉपी सर्व्हरला तत्क्षणी कळलेली असते. तो ती मास्तरांना सांगत नाही, एवढंच. त्यासाठी वाङ्मयचौर्य तपासणीची जोड वेगळी बसवावी लागते.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या वरच्या पाड्यांवरून एसटीने येणाऱ्या मुलांसाठी मूडलचं मोबाइल ॲप हा खरा आधार आहे. कॉलेजच्या वायफायवर मजकूर उतरवून घ्यायचा, घरी रेंजशिवाय वाचायचा, पुन्हा जाळ्यात आलं की नोंदी वर चढतात. सरावाची चाचणीसुद्धा ऑफलाइन देता येते, पण सेटिंगमध्ये तशी परवानगी द्यावी लागते आणि त्या चाचणीला वेळेची मर्यादा ठेवता येत नाही. व्हिडिओ मूडलवर चढवूच नयेत. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवून दुवा द्यावा, आणि पाड्यावरच्या मुलांसाठी त्याच तासाची दोन पानी टिपणं वेगळी. ॲपची खोट म्हणजे मोफत योजनेत सूचना फक्त ५० उपकरणांपर्यंत पोचतात. १,२०० जणांच्या कॉलेजात ही सोय नसल्यातच जमा.

मेलवर भिस्त ठेवावी तर तिथेही मर्यादा आहे. गूगल वर्कस्पेसच्या एका खात्यातून दिवसाला साधारण २,००० पत्रं जातात. सगळ्या कॉलेजला दोन घोषणा केल्या की त्या दिवसाचा कोटा संपला, आणि तिसऱ्याला पासवर्ड बदलायचा मेलही जात नाही. फोरमची सक्तीची सदस्यता काढावी, तातडीचं एसएमएसने कळवावं.

ऑनलाइन तासांसाठीचं बिगब्लूबटन ४.० पासून मूडलमध्येच येतं, पण ते चालायला वेगळा सर्व्हर लागतो, तोही ८ कोअर आणि १६ जीबीचा. पर्वणीच्या दिवसांत पंचवटीचे रस्ते बंद म्हणून चार तास ऑनलाइन घ्यायचेत, तर मीटचा दुवा कोर्सच्या पानावर लावून मोकळं व्हावं. मराठी भाषासंच आहे, पण अपुरा. अर्धं पान मराठी, अर्धं इंग्रजी असं धेडगुजरी दिसतं. मजकूर मराठीत, बटणं इंग्रजीत हेच बरं.

दुसरे पर्याय थोडक्यात. ओपन एडएक्सवर आयआयटी मुंबईचं आयआयटीबॉम्बेएक्स उभं आहे. हजारोंच्या खुल्या अभ्यासक्रमाला ते उत्तम, पण ६० मुलांच्या वर्गाच्या अंतर्गत गुणांसाठी अवजड. कॅनव्हास दिसायला देखणं, शिक्षकांना लवकर जमतं, त्याचा मुक्त अवतारही मिळतो; मात्र ते ज्यात लिहिलंय ते रूबी ऑन रेल्स जाणणारा माणूस शोधत बसावं लागेल. चामिलो हलकं आणि सोपं, पण अडलं तर विचारायला माणसं कमी. मूडलचं तसं नाही. आयआयटी मुंबईतही ते वापरात आहे आणि आपल्याला येते ती अडचण जगात कोणालातरी आधी आलेली असतेच.

वर्ष संपलं की कोर्स ‘रिसेट’ करू नये. त्यात जुने प्रयत्न आणि गुण पुसले जातात, आणि नॅकला पाच वर्षांचे पुरावे दाखवायचे असतात. जुना कोर्स झाकून ठेवा, त्याची विद्यार्थ्यांशिवाय प्रत काढा, नावात २५-२६ चं २६-२७ करा. सीएचबीच्या शिक्षकाचा प्रवेश देतानाच त्याला शेवटची तारीख घालावी. आणि सगळ्यांच्या प्रोफाइलमधला ईमेल ‘कोणालाही दाखवू नका’वर टाकावा, मुळात तो कोर्समधल्या प्रत्येकाला दिसतो. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि प्रथम वर्षाची काही मुलं अठराच्या आतली असतात.

काम बाहेरच्या एजन्सीला द्यायचं तर डोमेन कॉलेजच्या नावावर, सर्व्हरचा रूट पासवर्ड प्राचार्यांच्या कपाटात, आणि बॅकअपमध्ये तीन वस्तू हव्यात: डेटाबेस, ‘मूडलडेटा’ फोल्डर आणि कॉन्फिग फाइलीसकट मूडलचा कोड. एका कोर्सची एमबीझेड ही बॅकअप फाइल म्हणजे साइटचा बॅकअप नव्हे. सत्रात एकदा हा बॅकअप लॅबमधल्या रिकाम्या संगणकावर उभा करून बघावा, आणि तिथला क्रॉन चालू करण्याआधी कॉन्फिग फाइलीत ‘नो ईमेल एव्हर’ ही ओळ घालावी. ती घालायची राहिली तर चाचणीसाठी उभं केलेलं ते मूडल, रांगेत अडकलेल्या सगळ्या सूचना १,२०० जणांना पुन्हा एकदा पाठवून मोकळं होतं.